मुलांना गुन्ह्यांसाठी वापरलं जातं तेव्हा: फॅमिली थेरपीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलगा रात्री उशिरा येतो, विचारलं तर अंगावर येतो, त्याच्या खिशात आपण न घेतलेला फोन आहे. माझ्याकडे येईपर्यंत बहुतेक घरांत रागावून झालेलं असतं, समजावून झालेलं असतं, रडूनही झालेलं असतं. मी फॅमिली थेरपिस्ट आहे आणि अशाच घरांबरोबर काम करते. पालक पहिल्या फोनवर जे विचारतात ते प्रश्न इथे आहेत, आणि जे विचारायचं धाडस त्यांना तिसऱ्या-चौथ्या भेटीत होतं तेही आहेत. 'मुलगा' हा शब्द सोयीसाठी वापरलाय. मुलींबद्दल खाली वेगळं लिहिलंय.

गुन्हेगारी शोषण म्हणजे नेमकं काय? वाईट संगत लागली, इतकंच नाही का?

संगतीत मुलं साधारण बरोबरीची असतात. शोषणात कुणीतरी वरचढ असतं: वयाने, पैशाने, ताकदीने किंवा मुलाचं एखादं गुपित हाती लागल्यामुळे. तो माणूस स्वतः मागे राहतो आणि जोखमीचं काम मुलाकडून करून घेतो. अमली पदार्थांची पुडी पोहोचवायची, कुणाचे पैसे किंवा हत्यार सांभाळायचं, कोपऱ्यावर उभं राहून पोलिस येतात का बघायचं, दुकानातून माल उचलायचा, बँक खात्यातून दुसऱ्याचे पैसे फिरवू द्यायचे. या शेवटच्या प्रकारात मूल घराबाहेरही पडत नाही. कार्ड आणि पिन देतं, बाकीचं दुसरेच करतात, आणि चौकशी येते ती खातेदाराच्या दारात.

सुरुवात धमकीने क्वचितच होते. बूट मिळतात, गाडीवरून एक चक्कर मिळते, कुणीतरी 'भाऊ' म्हणतं. घरात सगळे आपापल्या कामात असताना 'काय रे, आज गप्प का?' असं विचारणारा तोच असतो. मला या कामात सगळ्यात जास्त त्रास याचा होतो. आपुलकीची भूक खरीच असते, आणि ती आधी ओळखतो तो तिचा फायदा घेणारा.

पण त्याला पैसे मिळतात आणि तो स्वतःहून जातो. मग त्याला शोषण कसं म्हणायचं?

१८ वर्षांखालच्या मुलाच्या संमतीला इथे अर्थ नाही. मानवी तस्करीविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २०००च्या पालेर्मो प्रोटोकॉलनुसार, शोषणासाठी मुलाला सामील करून घेतलं असेल तर धाक किंवा फसवणूक झाली होती हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९९च्या १८२व्या कराराने मुलांना बेकायदा कामांसाठी, विशेषतः अमली पदार्थांच्या व्यवहारासाठी वापरणं बालमजुरीच्या सर्वांत वाईट प्रकारांत धरलं. २०२०मध्ये संघटनेच्या सगळ्या, म्हणजे १८७ सदस्य देशांनी हा करार मान्य केला.

कायदा बाजूला ठेवला तरी 'स्वतःहून' या शब्दाकडे नीट बघायला हवं. एक डाव वारंवार खेळला जातो. मुलाला माल देऊन पाठवतात, वाटेत त्याला लुटतात, आणि लुटणारी माणसं त्यांचीच असतात. मुलाला हे माहीत नसतं. आता तो 'नुकसान भरून देणं' लागतो आणि ते फेडायला पुढचं काम करतो. बाहेरून बघणाऱ्याला दिसतं, मुलगा रोज आपल्या पायांनी चालत जातोय.

कुठल्या खुणा ओळखायच्या?

एका खुणेवरून काही ठरवू नका. वयात येणारं मूल चिडतं, दार लावून बसतं, हे होतंच. बघायचं ते थोड्या दिवसांत झालेला बदल आणि एकत्र आलेल्या गोष्टी: दुसरा फोन, हिशोब न लागणारे कपडे किंवा पैसे, घरची नसलेली किल्ली, अनोळखी गावाचं तिकीट, शाळेतल्या दांड्या, अंगावरच्या जखमांची न पटणारी कारणं, जुने मित्र एकदम तुटणं. उलटही घडतं. घरातल्या वस्तू आणि पैसे नाहीसे होतात, कारण वसुली सुरू झालेली असते. मेसेज आल्यावर त्याचा चेहरा उजळतो की उतरतो, तेही बघा.

एक वही करा. तारीख, वेळ, काय दिसलं, इतकंच लिहा. निष्कर्ष लिहू नका. पुढे पोलिस, शाळा, थेरपिस्ट कुणाशीही बोलताना ही वही कामाला येते.

त्याला एकट्याला समुपदेशकाकडे पाठवलं तर? सगळं घर कशाला?

आठवड्यातला एक तास तो समुपदेशकासमोर बसेल. उरलेले तास घर, शाळा, रस्ता आणि फोन यांचे असतात, आणि त्याच तासांत ती माणसं त्याच्याशी बोलतात.

अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात चार्ल्स बॉर्डुइन आणि सहकाऱ्यांनी १७६ मुलांचा अभ्यास केला होता, तो १९९५मध्ये प्रसिद्ध झाला. आधी अटक झालेली १२ ते १७ वयाची ही मुलं होती. काहींना एकट्याने थेरपी दिली. काहींच्या घराबरोबर, शाळेबरोबर आणि शेजाराबरोबर काम केलं. चार वर्षांनी पाहिलं तर एकट्याने थेरपी घेतलेल्यांपैकी सुमारे ७१ टक्के मुलांना पुन्हा अटक झाली होती, दुसऱ्या गटात २६ टक्के. पुढच्या सगळ्या अभ्यासांत इतका मोठा फरक दिसला नाही, त्याबद्दल खाली सांगते. पण घराला बरोबर घेण्यामागचा विचार यातून कळतो.

म्हणजे चूक आमचीच आहे, असं म्हणायचंय का?

नाही. चूक आहे ती मुलाला वापरणाऱ्याची. घराला बोलावतो ते आरोपी म्हणून नव्हे. त्या माणसाचा पहिला प्रयत्न मुलाला घरापासून तोडण्याचा असतो, 'तुझ्या घरच्यांना तू नकोच आहेस' हे त्याच्या मनात भरवण्याचा असतो, आणि ते खोटं ठरवणं माझ्या हातात नाही, तुमच्या आहे. पहिल्या भेटीत थेरपिस्टने दोष द्यायला सुरुवात केली, तर उठून दुसरा शोधा.

यात कुठल्या पद्धती आहेत?

नावं बरीच आहेत, पैकी चार ठाऊक असली तर पुरे. फंक्शनल फॅमिली थेरपी जेम्स अलेक्झांडर आणि ब्रूस पार्सन्स यांनी यूटा विद्यापीठात १९७०च्या दशकात उभी केली. साधारण १२ ते १४ सत्रं, तीन ते पाच महिने. मल्टिसिस्टेमिक थेरपी स्कॉट हेंगलर यांची. तिच्यात थेरपिस्ट घरी येतो, एका वेळी मोजकीच घरं हाताळतो, आणि रात्री-अपरात्रीही त्याच्या टीममधलं कुणीतरी फोन उचलतं. ब्रीफ स्ट्रॅटेजिक फॅमिली थेरपी मायामीत होझे सापोचनिक यांनी क्युबातून आलेल्या कुटुंबांबरोबर काम करता करता घडवली. अहिंसक प्रतिकाराची पद्धत तेल अवीव विद्यापीठाचे हाइम ओमेर यांची. ती पालकांसाठी आहे आणि तिचं मूळ थेट गांधीजींच्या आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्या विचारांत आहे.

तुमच्या भागात यातलं कुठलंच नाव सापडणार नाही, असंही होईल. कुटुंबाबरोबर काम करायचं रीतसर प्रशिक्षण घेतलेला आणि पोरांना न घाबरणारा थेरपिस्ट मिळाला, तरी सुरुवात करता येते.

सत्रात प्रत्यक्ष होतं काय?

एक घर डोळ्यांसमोर आणा. अनेक घरांतले तुकडे जोडून मी ते तयार केलंय, कुणाची ओळख पटू नये म्हणून. आई, बाबा, १५ वर्षांचा मुलगा, ११ वर्षांची बहीण. तिसरं सत्र. आई शाळेच्या चिठ्ठीबद्दल बोलतेय, तेवढ्यात सोफ्याच्या उशीखाली फोन थरथरतो. थांबतो, पुन्हा थरथरतो. आई म्हणते, "बघा, हेच! दिवसभर हेच!" मुलगा उशीवर हात दाबून धरतो. बाबा जमिनीकडे बघतात.

फोनबद्दल मी काही बोलत नाही. बाबांना विचारते, "तो आवाज आला तेव्हा मनात काय आलं?" ते बराच वेळ गप्प राहतात. मग म्हणतात, "भीती वाटते. परवा रात्री अडीच वाजता मी खिडकीत उभा होतो."

मुलगा मान वर करतो. "तुम्ही तर झोपला होतात."

"नव्हतो झोपलो. तू आलास, म्हणून मग आडवा झालो. उगाच आवाज चढेल म्हणून."

बहीण हळूच म्हणते, "मलापण झोप येत नाही."

या दोन मिनिटांसाठी मी आधीची दोन सत्रं घालवलेली असतात. बाबांना आपली पर्वा नाही, हे मुलगा वर्षभर धरून बसलेला होता आणि बाहेरचा माणूस त्यालाच खतपाणी घालत होता. आता त्या समजुतीला तडा गेला.

पुढचं काम बरंच रुक्ष असतं. घरातलं भांडण कुठून कुठे जातं, ते आम्ही कागदावर काढतो. या घरात ते असं होतं: आई दारातच विचारते, "कुठे होतास?" मुलगा उलट बोलतो. आईचा आवाज चढतो. बाबा मध्ये पडतात ते थेट शिवीने. मुलगा चपला घालतो आणि निघतो. बाहेर पडल्यावर पहिला फोन कुणाला? त्याच माणसाला. कागद समोर ठेवल्यावर आई-बाबांना स्वतःलाच दिसतं की घरातलं प्रत्येक भांडण मुलाला नेऊन त्याच्या हाती देतंय. कुणी वाईट नसताना हे घडत होतं.

मग साखळीतली एक कडी बदलायची, सगळ्या नाही. दार कोण उघडणार? पहिलं वाक्य काय असणार? आमचं ठरलं, दार बाबांनी उघडायचं आणि म्हणायचं, "आलास, बरं झालं. जेवण झाकून ठेवलंय." जाब विचारायचा तो दुसऱ्या दिवशी, दोघांनी मिळून, ठरलेल्या वेळी. ऐकायला सोपं वाटतं. त्या बाबांना ते वाक्य न चिडता म्हणायला तीन आठवडे लागले. आम्ही सत्रात सराव केला, मुलाला खरोखर दाराबाहेर पाठवून आत यायला लावलं. चौथ्या वेळी दोघांनाही हसू आलं.

म्हणजे सगळं माफ? काही विचारायचंच नाही?

विचारायचं, नियमही ठेवायचे. फक्त रात्री एक वाजता, उंबरठ्यावर, रागाच्या भरात नाही. त्या वेळी एकच बघायचं: तो सुखरूप आहे का, लागलंय का, काही खाल्लंय का. सकाळी त्याला सांगा, "रात्री तू आला नाहीस तेव्हा मी दोन मित्रांच्या घरी फोन केले. पुढेही करेन. मला कळल्याशिवाय मी गप्प बसणार नाही." यात धमकी नाही आणि माघारही नाही.

तो थेरपीला यायलाच तयार नाही.

बहुतेक जण पहिल्यांदा तयार नसतात. त्याच्यावाचून सुरू करा. मायामीतल्या १९८८च्या अभ्यासात, कुटुंबाला आत आणण्यासाठी थेरपिस्टने पहिल्या फोनपासून खास प्रयत्न केले तेव्हा ९३ टक्के कुटुंबं आली; नेहमीच्या पद्धतीने बोलावलं तेव्हा ४२ टक्के. म्हणून 'मुलगाच येत नाही' असं सांगून तुम्हाला परत पाठवलं जात असेल, तर ते पटवून घेऊ नका. त्याला आणायचं कसं, हे थेरपिस्टच्या कामातच बसतं.

ओमेर यांची पद्धत इथे खूप उपयोगी पडते, कारण तिला मुलाच्या होकाराची गरज नाही. पालक आपली भूमिका मुलाला शांतपणे वाचून दाखवतात: आम्ही तुला मारणार नाही, घालून पाडून बोलणार नाही, आणि तुला यात सोडूनही देणार नाही. मग ते आपल्या माणसांना बरोबर घेतात. मामा, मावशी, शेजारी, जुने शिक्षक. हे लोक मुलाला उपदेश करत नाहीत. मेसेज करतात, भेटायला येतात, 'आम्हाला माहीत आहे आणि आम्ही आहोत' एवढं कळवतात. आजवर घराने जे लपवलेलं असतं ते दहा माणसांसमोर उघड करणं पालकांना सगळ्यात जड जातं. लाज वाटते. मला ते समजतं, तरी मी आग्रह धरते, कारण घराच्या गप्प बसण्यावरच त्या माणसाचं सगळं फावतं.

घर म्हणजे फक्त आई, किंवा फक्त आजी असेल तर?

चालतं. मुलाच्या रोजच्या दिवसात जी मोठी माणसं आहेत ती म्हणजे कुटुंब. वेगळे झालेले आई-वडील एका खोलीत बसू शकत नसतील तर वेगवेगळे भेटतो. दोघांचं उत्तर एक असावं, इतकं पुरतं.

फोन काढून घेऊ का? घराबाहेर सोडणंच बंद करू?

फोन हिसकावला की दुसऱ्या दिवशी दुसरा येतो, आणि तो तुम्हाला दिसत नाही. शिवाय फोन बंद लागला तर तिकडून मुलालाच त्रास होईल. कोंडून ठेवल्यावर मुलं खिडकीतून जातात. दोन्ही गोष्टी थेरपिस्ट आणि मुलांच्या संरक्षणाचं काम करणाऱ्या यंत्रणेशी बोलूनच ठरवा. धोका फार असेल तर काही दिवस लांबच्या नातेवाइकांकडे ठेवायचा पर्याय असतो, पण परत आल्यावर काय, हे आधी ठरलेलं हवं. नाहीतर परतल्याच्या आठवड्यात सगळं जिथल्या तिथे येतं.

त्याच्यावर उधारी आहे, धमक्या येताहेत. पैसे देऊन मोकळे होऊ का?

हा थेरपीच्या आधीचा प्रश्न आहे. जिवाला धोका असेल तर आधी आपत्कालीन क्रमांकावर फोन करा, मग मला. पैसे दिले की प्रकरण मिटतं, असं धरून चालू नका. आकडा ठरवणारे तेच असतात, आणि या घरातून पैसे निघतात हे आता त्यांना कळलेलं असतं. त्या माणसाला भेटायला स्वतः जाऊ नका, वडिलांनी तर मुळीच नाही. मेसेजचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. पोलिसांशी बोलताना पहिल्याच वाक्यात सांगा, "माझ्या मुलाला वापरलं जातंय." 'माझा मुलगा गुन्हे करतो' म्हटलं की कागद वेगळ्या दिशेने जातो.

थेरपिस्ट पोलिसांना सांगेल का?

जिवाला धोका असेल, मुलाच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या, तर मी गप्प राहू शकत नाही. हे मी पहिल्याच सत्रात, मुलासमोर सांगते. बाकीच्या बाबतीत प्रत्येक देशाचे नियम वेगळे आहेत, ते तुमच्या थेरपिस्टकडून सुरुवातीलाच समजून घ्या. मी मुलाकडे नावं मागत नाही. माझ्या कामाला ती लागत नाहीत, आणि 'याने तोंड उघडलं' अशी नुसती शंका आली तरी मुलाला मार खावा लागतो.

एकदा तुरुंग दाखवून आणला तर? किंवा कडक शिस्तीच्या शिबिरात टाकला तर?

कृपा करून नको. १९७०च्या दशकात न्यू जर्सीच्या रॉवे तुरुंगात मुलांना नेऊन कैद्यांकडून घाबरवायचा कार्यक्रम गाजला आणि ठिकठिकाणी त्याची नक्कल झाली. पुढे अशा कार्यक्रमांवरचे नऊ नियंत्रित प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा दिसलं की काहीच न केलेल्या मुलांपेक्षा तुरुंग बघून आलेल्या मुलांनी जास्त गुन्हे केले.

शिबिरांचं उदाहरण आणखी जुनं आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज-सॉमरव्हिल प्रकल्पात १९३९पासून ५०६ मुलगे होते. निम्म्यांना वर्षानुवर्षं मायेने मदत केली गेली. तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड यांनी त्यांचा माग काढला, तर मदत मिळालेलेच काही बाबतींत मागे पडले होते. उन्हाळी शिबिरांना एकाहून जास्त वेळा गेलेल्यांचं नुकसान अधिक होतं. अडचणीतली मुलं एकत्र ठेवली की ती एकमेकांकडूनच शिकतात. आपलं मूल एका टोळीतून काढून दुसऱ्या घोळक्यात टाकू नका.

खरंच फरक पडतो का?

पडतो, पण सगळीकडे सारखा नाही, आणि हे पालकांना स्पष्ट सांगायलाच हवं. फिलाडेल्फियात टोळ्यांचा धोका असलेल्या १२९ मुलांवर फंक्शनल फॅमिली थेरपीचा प्रयोग झाला, तो २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना धोका जास्त होता त्यांच्यात १८ महिन्यांनंतर पुन्हा गुन्ह्यात सापडण्याचं प्रमाण घटलं. धोका कमी असलेल्यांत तसा फरक दिसला नाही. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या ६८४ कुटुंबांच्या अभ्यासात मात्र मल्टिसिस्टेमिक थेरपी तिथल्या नेहमीच्या सेवांपेक्षा सरस ठरली नाही. मला यातून कळतं ते असं की, तिथे नेहमीची सेवाच बऱ्यापैकी चांगली असावी. जिथे काहीच मिळत नाही तिथे चित्र वेगळं असू शकतं, पण ही माझी समजूत आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे.

आणखी एक मर्यादा आहे. घर कितीही सावरलं तरी रस्त्याच्या कोपऱ्यावर तो माणूस उभाच असेल, तर एकट्या घरावर सगळा भार टाकणं अन्याय आहे. त्याला हटवणं पोलिसांचं, आणि मुलं जिथे जमतात ती जागा सुरक्षित करणं शाळेचं आणि वस्तीचं काम आहे.

मुलगी असेल तर?

मुलींनाही वापरलं जातं, आणि त्या लवकर नजरेस येत नाहीत, कारण संशय मुलांवर जातो. अनेकदा वापरणारा 'प्रियकर' असतो. गुन्हेगारी आणि लैंगिक शोषण एकत्र चाललेलं असू शकतं. असं वाटलं तर पहिलं बोलणं सगळ्या कुटुंबासमोर नको. तिला विश्वास वाटेल अशा एका व्यक्तीबरोबर, एकांतात.

धाकट्या भावंडांना यात आणायचं का?

आणायचं. त्यांना सगळं माहीत असतंच, फक्त कुणी त्यांना विचारत नाही. यूटाच्या पथकाने १९७७मध्ये दाखवलं की, ज्या घरांना फंक्शनल फॅमिली थेरपी मिळाली त्या घरांतल्या भावंडांचंही पुढच्या काही वर्षांत कोर्टात जाण्याचं प्रमाण कमी राहिलं.

मध्येच पुन्हा घसरला तर?

घसरतोच. दोन महिने नीट गेल्यावर एक रात्र गायब झाला, म्हणून सगळं फुकट गेलं असं नाही. या वेळी त्याने स्वतः फोन केला का? आधीपेक्षा लवकर परतला का? मी हे मोजते.

त्याला आधीच पकडलंय, सुधारगृहात आहे. आता उशीर झाला का?

नाही. भेटीच्या वेळा पाळा, दर वेळी. एक चुकली तरी 'घरच्यांनी सोडलं' या बोलण्याला पुरावा मिळतो. थेरपी आतूनही सुरू करता येते, आणि सुटण्याच्या आधीचे आठवडे त्यासाठी सगळ्यात मोलाचे. झोपणार कुठे, शाळा किंवा काम कधीपासून, जुना नंबर बंद करायचा का, पहिल्या पंधरा दिवसांत संध्याकाळी घरी कोण असेल, हे त्याच्याबरोबर बसून लिहून काढा. सुटण्याची वेळ विचारून घ्या आणि अर्धा तास आधी गेटवर जाऊन उभे राहा. तो जुना माणूसही गाडी घेऊन आलेला असू शकतो.